दुप्पट दारू, पण वेग किती?

‘मॅग्नम’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘मोठें’. मद्याच्या मोठ्या बाटलीला हें नांव आहेच, आणि मोठ्या पुंगळीच्या काडतुसालाहि तेंच मिळालें. बाटली मोठी तर मद्य जास्त, हें उघड आहे. परंतु पुंगळी मोठी केली म्हणजे गोळीचा वेग त्याच मानानें वाढतो काय, हा प्रश्न तितका सोपा नाहीं.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदुका करणाऱ्या पेढीनें १९१२ सालीं .३७५ मॅग्नम हें काडतूस काढलें. त्यांत कॉर्डाइट ही निर्धूर दारू भरीत. एबल व ड्यूअर या शास्त्रज्ञांनीं १८८९ सालीं सिद्ध केलेली ही दारू शेवयांसारख्या लांब कांड्यांची असे. काडतुसें वापरावयाचीं हिंदुस्थानांत व आफ्रिकेंत. उन्हानें तापलेलें कॉर्डाइट अधिक दाब उत्पन्न करी, आणि पुंगळी नळींत चिकटून बसली तर समोरचें जनावर कांहीं थांबत नसे! म्हणून पुंगळी लांब, निमुळती व प्रशस्त ठेवून दाब बेताचा राखला. ३०० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारें २,५०० फूट वेगानें जाई. मोठ्या शिकारीस तेवढें पुरेसें होतें.

वेगाचा मोह मात्र त्यापूर्वींच सुरू झाला होता. .२८० रॉस या काडतुसाची हलकी गोळी सेकंदास ३,००० फुटांच्या आसपास धांवे, आणि इतक्या वेगापुढें कोणतें जनावर टिकणार, असें पुष्कळांस वाटे. १९११ सालीं ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंत जॉर्ज ग्रे यांनीं अंगावर येणाऱ्या सिंहावर याच रायफलीनें गोळ्या झाडल्या. ब्रिटनचे तेव्हांचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे हे बंधु. गोळ्या लागल्या, पण सिंह थांबला नाहीं, आणि ग्रे त्या जखमांनीं मरण पावले. वेग होता, आंत खोल शिरण्याचा नेट त्या हलक्या गोळीला नव्हता.

पुढें अमेरिकेंत रॉय वेदरबी यांनीं हॉलंडच्याच १९२५ सालच्या .३०० काडतुसाची पुंगळी फुगवून १९४४ च्या सुमारास .३०० वेदरबी मॅग्नम घडविलें. १८० ग्रेनची गोळी ३,१०० फुटांहून अधिक वेग घेऊं लागली. हें ऐकून थक्क होण्यापूर्वीं श्रोत्यांनीं १९५२ सालच्या .३०८ विंचेस्टर या आंखूड काडतुसाशीं हिशेब ताडून पाहावा. तेवढ्याच गोळीला तें सुमारें २,६०० फूट वेग देतें आणि दारू जवळजवळ निम्मी खातें. म्हणजे दारू दुप्पट, तर वेगांत भर अवघी पांचव्या हिश्शाची.

असें कां होतें? नळीचें भोंक तेवढेंच राहतें. दारूच्या शक्तीपैकीं सुमारें तिसरा हिस्सा गोळीला मिळतो. बाकीची तप्त वायूंबरोबर बाहेर पडते किंवा नळी तापविण्यांत जाते. शिवाय जास्त दारू म्हणजे ढकलावयाचें वजनहि जास्त, कारण जळून झालेला वायु नळींतून स्वतःलाहि पुढें रेटीत असतो. ती सावकाश जळावी लागते, आणि तिचा पुरा उपयोग व्हावा तर नळी लांब हवी. खांद्याला बसणारा धक्का वाढतो तो निराळाच. सर्वांत मोठी किंमत नळी देते: पुंगळीच्या तोंडापुढचें पोलाद त्या आंचेनें लवकर झिजतें व नेम बिघडूं लागतो.

१९६३ सालीं विंचेस्टर कारखान्यानें .३०० विंचेस्टर मॅग्नम काढलें, तें पुंगळी आंखूड करून, सर्वसाधारण लांबीच्या रायफलींत बसेल असें. वेदरबीहून त्याचा वेग थोडा कमी भरला, पण दारूहि कमी लागली, आणि शिकाऱ्यांप्रमाणेंच लांब पल्ल्याच्या नेमबाजांनींहि तें आपलेंसें केलें.