हलका हेडफोन, मोकळा आवाज

कमी पैशांत चांगला आवाज मिळत नाही, ही समजूत हेडफोनच्या इतिहासाने केव्हाच खोडून काढली आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आणला, तेव्हा कान झाकणाऱ्या जड वाट्या म्हणजेच दर्जा, असे समीकरण रुजले. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला आणि वाटीची पाठ उघडीच ठेवली. कानावर फक्त पिवळा स्पंज. आवाज काढणाऱ्या पडद्यामागची हवा कोंडत नाही, म्हणून आवाज मोकळा येतो आणि जाडजूड आवरणाचा खर्चही वाचतो. १९७९ च्या सोनी वॉकमनचा हेडफोन ५० ग्रॅमच्या आसपास आला, तो समेरियम-कोबाल्टच्या छोट्या पण ताकदवान चुंबकामुळे. १९८४ चा कॉस पोर्टा प्रो हा माझ्या मते सर्वात भक्कम पुरावा: पातळ धातूची पट्टी, स्पंजच्या गाद्या, कानाच्या वर टेकणारी छोटी उशी, घडी करून खिशात मावणारा आकार. तो आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो.

यावर आक्षेप असा, की उघड्या हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट शिरतो आणि आपले गाणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते. हे खरेच आहे. गर्दीच्या लोकलमध्ये कानात घट्ट बसणारा इअरफोनच घ्यावा. पण हा जागेचा प्रश्न झाला, सुराचा नव्हे. दुसरा आक्षेप वायरचा. पण बिनवायरच्या हेडफोनमध्ये ब्लूटूथची चिप, बॅटरी आणि चार्जिंगची डबी यांचा खर्चही किमतीतच असतो, त्यामुळे तेवढ्याच पैशांत प्रत्यक्ष आवाजाच्या वाट्याला कमी येते. फोनला जॅक नसेल, तर छोटा अडॅप्टर जोडूनही वायरचा हेडफोनच परवडतो.