'वेदर रिपोर्ट' : मुक्त स्वरांकडून ठेक्याकडे

जॅझ आणि रॉक यांच्या मीलनातून १९६०च्या दशकाच्या अखेरीस जी संगीतधारा निर्माण झाली, ती पुढे 'जॅझ फ्युजन' या नावाने ओळखली जाऊ लागली. या धारेतील सर्वांत प्रभावी वाद्यवृंदांमध्ये 'वेदर रिपोर्ट'ची गणना होते. १९७० ते १९८६ अशी सुमारे सोळा वर्षे हा वृंद कार्यरत होता. या काळात, विशेषतः १९७३ साली, त्याने आपल्या संगीताची दिशा बदलली. त्या बदलाने वृंदाला अफाट लोकप्रियता मिळवून दिली; मात्र त्याची किंमतही मोजावी लागली.

वृंदाचे संस्थापक तिघे होते : व्हिएन्नात जन्मलेले कीबोर्डवादक जो झाविनुल, अमेरिकन सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि प्रागचे बासवादक मिरोस्लाव्ह व्हिटूश. झाविनुल १९५९मध्ये अमेरिकेत आले आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांच्या वृंदात त्यांनी नाव कमावले. शॉर्टर १९६४पासून माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात होते. डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' या १९६९च्या ध्वनिमुद्रिकेत दोघांनीही वादन केले होते आणि तिची शीर्षकरचना झाविनुल यांची होती. विद्युत-वाद्यांच्या साहाय्याने जॅझ कोणत्या दिशेने जाऊ शकते, याची चुणूक तेथेच दिसली होती.

'वेदर रिपोर्ट' हेच नाव असलेली पहिली ध्वनिमुद्रिका १९७१मध्ये प्रसिद्ध झाली. प्रचलित जॅझमध्ये मूळ धून वाजवून झाल्यावर प्रत्येक वादक आळीपाळीने एकल वादन करतो आणि इतर त्याला साथ देतात. या तिघांनी ती चौकट मोडली. मुख्य वादक कोण आणि साथीदार कोण, हा भेदच त्यांनी ठेवला नाही. सर्वांनी एकाच वेळी, परस्परांचे ऐकत उत्स्फूर्त निर्मिती करायची, हा त्यांचा दंडक होता. जानेवारी १९७२मधील टोकियोच्या मैफलीचा काही भाग 'आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक' या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट आहे. त्यात या पद्धतीचे सामर्थ्य जाणवते, तशीच तिची दुर्बोधताही. जाणकारांनी हे संगीत वाखाणले, पण ते मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचणे अवघड होते.

१९७३च्या 'स्वीटनायटर'मध्ये झाविनुल यांनी निराळी वाट धरली. त्यांना संगीताला निश्चित, पुनःपुन्हा येणारी लय हवी होती. आपल्याकडे तबल्याचा ठेका स्थिर राहतो म्हणूनच गायकाला विस्तार करता येतो; काहीसे तेच तत्त्व येथे दिसते. या ध्वनिमुद्रिकेसाठी विद्युत-बास वाजविण्यास अँड्र्यू व्हाइट आणि ड्रमसाठी हर्शेल ड्वेलिंगहॅम यांना पाचारण करण्यात आले. 'बूगी वूगी वॉल्ट्झ' ही तेरा मिनिटांची रचना या बदलाचे ठळक उदाहरण आहे. तीत सूर उलगडतात ते अखंड चालणाऱ्या लयीच्या पायावर.

व्हिटूश यांची घडण मात्र मुक्त वादनाची होती. बासने एकच आकृती घोळवत राहावी, ही अपेक्षा त्यांच्या पिंडाशी जुळणारी नव्हती. समान हक्काचा हा संस्थापक लवकरच बाहेर पडला. १९७४च्या 'मिस्टीरियस ट्रॅव्हलर'मध्ये त्यांची जागा अल्फोन्सो जॉन्सन यांनी घेतली. यानंतर वृंदाची सूत्रे प्रामुख्याने झाविनुल यांच्या हाती गेली. सिंथेसायझरच्या साहाय्याने त्यांनी जणू एकहाती वाद्यमेळ उभा केला आणि उत्स्फूर्ततेची जागा बऱ्याच अंशी बांधीव रचनेने घेतली.

१९७६मध्ये जॅको पॅस्टोरियस वृंदात दाखल झाले. त्यांच्या बास गिटारला पडदे नव्हते. त्यामुळे सरोदप्रमाणे मींडयुक्त, गाता स्वर त्यातून निघे. १९७७च्या 'हेवी वेदर'ने लोकप्रियतेचा कळस गाठला. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध जॅझ क्लबवरून नाव घेतलेली 'बर्डलंड' ही तीतील रचना जगभर वाजली आणि १९७९मध्ये 'मॅनहॅटन ट्रान्सफर' या गायकवृंदाने ती शब्दांसह गायली. पुढच्याच वर्षी, १९७८मध्ये, आलेल्या 'मिस्टर गॉन'ला मात्र 'डाउनबीट' या मासिकाने अवघा एक तारा दिला. १९७९च्या 'एट थर्टी'ला ग्रॅमी पुरस्कार लाभला. १९८२मध्ये पॅस्टोरियस वृंदातून बाहेर पडले.

या स्थित्यंतरात शॉर्टर यांच्यासारखा थोर रचनाकार मागे पडला, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला. विघटनानंतर दोघांनी निवडलेले मार्ग या दृष्टीने बोलके आहेत. झाविनुल आपल्या 'झाविनुल सिंडिकेट'मधून देशोदेशींच्या लयींचा शोध घेत राहिले. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या 'क्रेझी सेंट्स' या १९९३च्या ध्वनिमुद्रिकेत ते सहभागी झाले. त्रिलोक यांच्या मातोश्री, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा स्वरही तीत आहे. शॉर्टर यांनी २००० साली ध्वनिक वाद्यांचे चौकट स्थापन केले आणि ते पुन्हा सामूहिक उत्स्फूर्त वादनाकडे वळले. झाविनुल २००७मध्ये, तर शॉर्टर २०२३मध्ये निवर्तले. १९७३मध्ये मागे ठेवलेली वाट संपलेली नव्हती, हे त्या चौकटाने दाखवून दिले. आणि तेव्हा धरलेल्या वाटेने जॅझला नवा श्रोता दिला, हेही तितकेच खरे.