बिल नसलेला खर्च

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी अकरावीत होतो. ते गेले तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मधल्या चार वर्षांची एक निळी फाइल अजून आमच्या कपाटात आहे. हॉस्पिटलची बिलं, औषधांच्या पावत्या, फिजिओथेरपीवाल्याला दिलेले पैसे. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मी या सगळ्याची एक्सेलमध्ये बेरीज केली. आकडा मोठा आला. पण आईचं शिलाई मशीन त्यात कुठेच नव्हतं. ती चार वर्षं आजोबांना कुशीवर वळवायची, भरवायची, रात्री दोनदा उठायची. ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका एकेक करून दुसरीकडे गेल्या. त्याची पावती कुणी दिली नव्हती.

आजारपणाची खरी किंमत कशी मोजायची, असा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडला, असं मला तेव्हा वाटलं. मग वाचायला लागलो. हा प्रश्न साडेतीनशे वर्षं जुना निघाला.

विल्यम पेटी हा इंग्रज गृहस्थ आधी डॉक्टर होता, पुढे जमिनीची मोजणी आणि अर्थकारणाकडे वळला. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं, त्या सुमारास त्याने करांविषयी एक टिपण लिहिलं. त्याचा हिशेब साधा होता. देशाचा वर्षाचा खर्च ४ कोटी पौंड. जमीनजुमला आणि मालमत्तेतून येतात दीड कोटी. म्हणजे उरलेले अडीच कोटी माणसांच्या श्रमातून येत असणार. त्यावरून ६० लाख लोकांच्या देशात दर माणशी किंमत निघाली सुमारे ६९ पौंड. मग प्लेगने नेहमीपेक्षा १ लाख माणसं जास्त मेली, तर देशाचं नुकसान जवळपास ७० लाख पौंड. ते टाळायला ७० हजार खर्च केले असते तर काय बिघडलं असतं, असा त्याचा सवाल होता. माणसाला किंमत लावणं क्रूर वाटतं खरं, पण पेटीने ती लावली म्हणून प्लेग रोखण्यावर खर्च करायचं कारण दाखवता आलं.

तीनशे वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकन सरकारात काम करणाऱ्या डोरोथी राइस या अर्थतज्ज्ञ बाईंनी आजारपणाच्या खर्चाची पद्धतशीर मांडणी केली. एक प्रत्यक्ष खर्च: डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल. दुसरा अप्रत्यक्ष: आजारपणामुळे किंवा अकाली मृत्यूमुळे बुडालेली कमाई. मग प्रश्न आला घर सांभाळणाऱ्या बाईचा. ती आजारी पडली तर पगार बुडत नाही, म्हणून नुकसान शून्य धरायचं? राइस यांनी शून्य धरलं नाही. घरकामाला ठेवलेल्या बाईला जो पगार मिळतो, तो आकडा गृहिणीसाठी वापरला.

हा आकडा कमीच आहे. मोलकरणीचे तास ठरलेले असतात, आईचे नव्हते. शिवाय सगळा हिशेब कमाईवर टेकलेला. ज्याचा पगार कमी, त्याचा आजार स्वस्त. माझे आजोबा निवृत्त होते, म्हणजे या कोष्टकात त्यांचं आजारी पडणं जवळजवळ फुकट.

१९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दुसऱ्या बाजूने शंका काढली. एक कामगार आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा येतोच. मग नुकसान फक्त जागा भरेपर्यंतच्या काळाचं धरा, निवृत्तीपर्यंतचं नको. या पद्धतीने तोच आजार कितीतरी स्वस्त दिसतो. माणूस तोच, आजार तोच. फक्त सूत्र बदललं.

या सूत्रांचा कसा वापर होऊ शकतो, हे २००१ मध्ये दिसलं. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीसाठी झालेल्या एका अभ्यासात चेक सरकारच्या तिजोरीला धूम्रपानातून फायदाच होतो, असं मांडलं होतं. एक कारण असं, की धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे पेन्शन आणि म्हातारपणीच्या उपचारांचा खर्च वाचतो. जगभर संताप उसळला आणि कंपनीला माफी मागावी लागली. मला इथे बेरजेच्या चुकीपेक्षा हिशेबाची चौकट जास्त खुपते. हिशेब तिजोरीच्या खिडकीतून केला होता. त्या खिडकीतून मेलेल्या माणसाचं घर दिसत नाही.

म्हणूनच खर्च कुणाच्या बाजूने मोजायचा, यावर अजून वाद आहे. इंग्लंडमध्ये नवं औषध सरकारी सेवेत घ्यायचं की नाही हे ठरवताना खर्चाच्या बाजूला मुख्यतः सरकारी आरोग्यसेवा आणि सामाजिक सेवांचाच खर्च धरतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९६ मध्ये संपूर्ण समाजाच्या बाजूने मोजा, असं सुचवलं. २०१६ च्या दुसऱ्या समितीने त्यासाठी एक तक्ताच दिला. त्यात रुग्णाचा वेळ, जाण्यायेण्याचा खर्च आणि बिनपगारी सेवा करणाऱ्याचा वेळ यांना स्वतंत्र ओळी आहेत.

आपल्याकडे हाच पेच कोर्टात आला. १९८९ मध्ये जमशेदपूरच्या एका समारंभात आग लागून अनेक जण दगावले, त्यात गृहिणीही होत्या. त्यांच्या कामाचं मोल किती? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते महिन्याला ३,००० रुपये धरलं. राइस यांच्यासमोरचाच प्रश्न. फक्त इथे तो बाई गेल्यावर विचारला गेला.

मी आईला फोन करून विचारलं, तेव्हा शिवणकामाचे महिन्याला किती सुटायचे? ती म्हणाली, "अरे, आता ते कुठे आठवतंय? आणि नानांचं केलं त्याचे काय पैसे लावायचे? आपलेच होते ना ते."

तिचं बरोबर आहे. पण जागा रिकामी सोडली की बेरीज ती शून्यच धरते. म्हणून मी एक्सेलमध्ये एक ओळ वाढवली: 'आई, चार वर्षं, रोज साधारण सहा तास, रात्रीचं वेगळं.' रुपयांचा रकाना कोरा ठेवला. खालच्या बेरजेत ती ओळ येत नाही. पण शीट उघडली की सगळ्यात वर तीच दिसते.