परसातले संगीत

भिवंडीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही. यंत्रमागांची खडखड भिंतींतून येते, जमिनीतून येते. पुढे तिची सवय अशी जडते की, वीज जाऊन माग थांबले म्हणजे जाग येते. अशा गावात कुणी आवाजाविषयी तक्रार करील, असे मला वाटले नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी वाट वाकडी करून धर्मगुरुनिवासात आल्या. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक तरुण रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालतो आणि त्या वेळी गाणी लावतो, ही त्यांची तक्रार. "गाणी कसली फादर, नुसतं धुम्म धुम्म. मांडणीवरची भांडी हलतात. आणि गाणारा मध्येच गप्प होतो, जसा काही विहिरीत पडला!"

मी गच्चीवर गेलो. मुलगा आमच्याच धर्मग्रामातला, एका गोदामात मालाची नोंद ठेवणारा. ज्या शिवारात त्याचे आजोबा भात लावीत, तिथे आज गोदामांचे पत्रे चमकतात. बागेला उरली ती गच्ची. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या. त्यांत माठ, लाल अंबाडी, अळू, मिरची आणि कठड्याला टेकलेली तुरीची चार झाडे. कोपऱ्यात त्याने स्वतः जुळवलेला, लाकडी पेटीतला एक थोराड स्पीकर. संगीत होते रेगे, आणि त्यातही 'डब' नावाचा प्रकार. या गाण्यांनी झाडे जोमाने वाढतात, असे त्याचे म्हणणे. ती शेणखताने वाढतात, असे माझे. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

"फादर, तुम्हांला रेगे माहीत आहे?" त्याने विचारले. माहीत होते, पण ज्या रीतीने माहीत होते, ती सांगण्यासारखी नव्हती.

१९९० नंतरच्या वर्षांत मी सेमिनरीत शिकत होतो. माझ्या एका सोबत्याकडे छोटा टेपरेकॉर्डर आणि बॉब मार्लेची एक कॅसेट होती. रात्री उशीखाली ठेवून तो ती ऐकत असे. मी वरिष्ठांच्या कानावर घातले. कॅसेट जप्त झाली. मित्राला व्यसनाच्या वाटेवरून मागे ओढल्याचे समाधान मला बरेच दिवस पुरले. त्या संगीताविषयी मला तेव्हा ठाऊक काय होते? जटा आणि गांजाचा धूर, एवढेच. गच्चीवरून उतरल्यावर मी प्रथमच त्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि तो इतिहास परसबागेतूनच सुरू होतो, हे पाहून चकित झालो.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील डोंगराळ बेट. इंग्रजांनी ते १६५५ साली स्पॅनिश लोकांकडून घेतले आणि सपाट, सुपीक जमिनीवर ऊस लावला. त्या उसासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले. गुलामांना खाऊ घालण्याचा खर्च नको, म्हणून मळेवाल्यांनी एक तोड काढली: उसाला निरुपयोगी असलेली डोंगरउताराची जमीन गुलामांना लागवडीस दिली. रविवारी आणि सवड मिळेल त्या दिवशी तिथे राबावे आणि आपले पोट आपण भरावे. यात औदार्य कुठेच नव्हते. पण झाले असे की, उसाच्या शेतात ज्याचे काहीही नव्हते, त्याच्या मालकीचे डोंगरावर काहीतरी झाले. कोनफळांच्या जातीचे कंद, केळी, अळकुड्या, भाजीपाला. उरलेला माल रविवारच्या बाजारात विकून गुलामांच्या गाठीला चार नाणी पडत. कायद्याने तो तुकडा मालकाचा. रूढीने मात्र बाप मुलाला तो देऊन जाई. झोपडीभोवतीच्या परसातही झाडे असत. कुटुंबातील मृतांना तिथेच पुरीत आणि रात्री ढोल घेऊन तिथेच नाचत. जमैकातला माणूस परदेशी गेल्यावर आपल्या देशाला आजही 'यार्ड', म्हणजे परस, म्हणतो. त्या शब्दाचे मूळ इतके खोल आहे.

हे परस किती मोलाचे होते, ते त्याच्या अभावाने दाखवून दिले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे बाहेरून येणारे धान्य बंद झाले, त्यातच वादळांनी बागा झोपवल्या. १७८० ते १७८७ या काळात सुमारे १५,००० गुलाम उपासमारीने मेले, असा तिथल्याच विधिमंडळाचा अंदाज होता. स्वस्त अन्नाच्या शोधात मग कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून नीरफणसाची रोपे जमैकात उतरवली. (त्याच्या पहिल्या सफरीत 'बाउंटी' जहाजावर झालेले बंड वाचकांनी चित्रपटात पाहिले असेल.) आंबा त्याआधीच पोहोचला होता. १७८२ साली इंग्रज आरमाराने एक फ्रेंच जहाज पकडले. हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरून ते वेस्ट इंडीजकडे रोपे घेऊन चालले होते. रोपांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतले अकरा क्रमांकाचे रोप आंब्याचे. त्या जातीला जमैकात आजही 'नंबर इलेव्हन' म्हणतात.

भिवंडीच्या गच्चीवर माठ पाहिला तोच जमैकात 'कॅललू' नावाने रोजच्या जेवणात असतो. आपली तूर तिथे 'गुंगो'. नाताळात तिचे ओले दाणे नारळाच्या दुधात तांदळाबरोबर शिजवतात. लाल अंबाडीच्या बोंडांचे आले घातलेले सरबत हे तिथले नाताळाचे पेय. आपल्याकडे मात्र अंबाडी भाजी-भाकरीपुरती राहिली, याचे मला वाईट वाटते.

१ ऑगस्ट १८३८ रोजी गुलामांना पूर्ण मुक्ती मिळाली. मळेवाल्यांनी लगेच झोपड्या आणि परस यांचे भाडे मागायला सुरुवात केली. म्हणून बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी जमिनी घेऊन मुक्तांची गावे वसवली. त्यांतले पहिले स्लायगोव्हिल, १८३५ साली जेम्स फिलिपो यांनी सुरू केलेले. इकडे मळ्यांसाठी १८४५ पासून कलकत्त्याहून करारबद्ध हिंदी मजूर नेण्यात आले. १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसे गेली. त्यांच्याबरोबर भाज्या गेल्या, मसाले गेले, आणि 'गांजा' हा शब्दही गेला.

याच स्लायगोव्हिलच्या डोंगरात १९४० साली लेनर्ड हॉवेल या माणसाने 'पिनॅकल' नावाची वसाहत उभारली. शेकडो गरीब तिथे शेती करून स्वतःच्या अन्नावर जगत. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी, ज्याचा राज्याभिषेक १९३० साली झाला, त्याला हे लोक देवाचा अवतार मानीत. रास्ताफारी पंथ तो हाच. १९३५ च्या सुमाराच्या आपल्या पुस्तिकेवर हॉवेलने लेखकाचे नाव 'जी. जी. मराघ' असे घातले होते; त्यातला 'मराघ' म्हणजे आपला 'महाराज'. ही श्रद्धा आपली नव्हे आणि तिच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण १९५४ साली पोलिसांनी पिनॅकल उद्ध्वस्त केले, तेव्हा बागाईत करणारी माणसे किंग्स्टन शहराच्या झोपडपट्ट्यांत जाऊन पडली. पुढे ट्रेंच टाउनमध्ये रेगे उगवले ते याच मातीत. चार बाजूंनी खोल्या, मध्ये सामाईक अंगण, अशी तिथली घरे. ज्यो हिग्ज नावाचा गायक आपल्या अंगणात शेजारच्या पोरांना सूर शिकवी; त्या पोरांत मार्ले होता. १९८० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

आता जे सांगतो, त्याने मी फार ओशाळलो. किंग्स्टनमध्ये 'अल्फा बॉइज स्कूल' ही अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची संस्था १८८० साली सुरू झाली आणि १८९० पासून सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक धर्मभगिनींनी ती चालवली. छपाई, सुतारकाम, शिवण, बागकाम असे हातचे उद्योग मुलांना शिकवीत आणि त्याबरोबर बँड. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस १९३९ पासून २००३ साली निधन होईपर्यंत तिथे होत्या. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवादक टॉमी मॅकूक हे अल्फाचेच विद्यार्थी. १९६४ साली 'स्काटलाइट्स' हे वाद्यवृंद उभे राहिले, त्यात अशा मुलांचा भरणा होता. आणि त्या वाद्यवृंदाच्या 'स्का' संगीतातूनच पुढे रेगे निघाले. सिस्टर इग्नेशियस स्वतः ध्वनिमुद्रिका जमवीत आणि मुलांसाठी मोठ्या स्पीकरांवर वाजवीत. एक धर्मभगिनी ज्या संगीताला खतपाणी घालत होती, ते मी सेमिनरीत उशीखालून उपटायला निघालो होतो.

आता 'डब'विषयी. रेगेच्या रूढ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि जोर तिसरीवर देतात. आपल्या कानाला समेच्या जागी खाली आल्यासारखे वाटते. चाल खर्जातल्या गिटारवर तोललेली असते. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत ऑस्बोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी (१९४१-१९८९) हा विजेची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. १९७० नंतरच्या दशकात त्याने आईच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत तयार गाणी घेऊन त्यांतले गायन काढून टाकायला सुरुवात केली. ढोल आणि खर्ज तेवढे राखायचे. मध्येच एखादा शब्द सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी विरत जाऊ द्यायचा. वृद्ध भगिनींना 'विहिरीत पडलेला' वाटला तो हाच गायक. द्राक्षाची छाटणी ज्याने पाहिली आहे, त्याला ही कला समजावून सांगावी लागत नाही. माळ्याच्या हातातला विळा क्रूर दिसतो, पण काय ठेवायचे हे त्याला ठाऊक असते. दुसरा कलावंत ली 'स्क्रॅच' पेरी. त्याने १९७३ साली स्टुडिओ बांधला तो आपल्या घराच्या परसातच. ताडाच्या बुंध्याशी मायक्रोफोन पुरून, खोडावर थापा मारून त्याने ढोलाचा आवाज मिळवला, असे सांगतात. खरे असो वा नसो, ज्या गावात मृतांनाही परसात पुरीत, तिथे ही कथा शोभते.

या इतिहासात आपली मराठी माणसे कुठे आहेत? ती आहेत मॉरिशसमध्ये. ज्या हिंदी महासागरातून १७८२ साली जमैकाला आंबा गेला, तिथलेच हे बेट. १८३४ पासून तिथे हिंदी मजूर गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते. त्यांची जाखडी तिथे 'झाकरी' झाली आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मळ्यांचे तुकडे विकायला निघाले तेव्हा हिंदी मजुरांनी पैसा पैसा जोडून जमिनी घेतल्या आणि भाजीपाला पिकवला. मुक्त झालेल्या आफ्रिकन गुलामांना, म्हणजे तिथल्या क्रिओल समाजाला, अशी जमीन फारशी लाभली नाही. त्यांच्यात १८४१ पासून काम केले ते धन्यवादित फादर जाक देझिरे लावाल यांनी; १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. या समाजाचे गाणे म्हणजे 'सेगा'. त्यातले 'मारावान' हे वाद्य उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी करून, आत बिया भरून बनवतात. ज्या उसाने छळले, त्याचाच खुळखुळा!

१९८० च्या दशकात जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ या क्रिओल गायकाने सेगा आणि रेगे यांचा मेळ घालून 'सेगे' संगीत रूढ केले. मार्लेच्या एका संग्रहावरून त्याने 'काया' हे नाव घेतले होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका सभेत गांजा ओढल्याबद्दल त्याला अटक झाली आणि २१ तारखेला पोलीस कोठडीत तो मृत झाला. बेटावर दंगली उसळल्या, माणसे मेली. गांजाचे समर्थन मी करीत नाही, तरुणांपुढे तर कदापि नाही. पण केवळ धूर पाहून माणूस जोखला की गोष्ट कुठवर जाते, ते त्या आठवड्यात दिसले. मी कॅसेट पकडून दिली, त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती.

गच्चीवरचा स्पीकर आता कठड्यावरून खाली आला आहे आणि त्याचे तोंड पाण्याच्या टाकीकडे केले आहे. वृद्ध भगिनींना दर आठवड्याला माठाची जुडी पोहोचते. भांडी अजून थोडी हलतात, असे त्या म्हणतात. लाल अंबाडीची बोंडे नाताळापर्यंत तोडायला येतील. सरबत करून पाहायचे ठरले आहे.

राहिला माझा सेमिनरीतला सोबती. तो आज दुसऱ्या एका धर्मप्रांतात धर्मगुरू आहे. आम्ही वर्षातून एकदा भेटतो. कॅसेटची बातमी वरिष्ठांकडे कुणी नेली, हे त्याने कधी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. हे त्रैमासिक त्याच्याकडेही जाते.