दीर्घिकांचा शेजार

आमच्या पिपरी मेघेत एक वाद कायम चालतो: पुण्याला गेलेली पोरं पुण्यामुळे घडली, की मुळातच तशी होती म्हणून गेली? मी सॉफ्टवेअरवाला, त्या गेलेल्यांपैकीच एक. दीर्घिकांबद्दल खगोलशास्त्रज्ञ हाच वाद कितीतरी दशकं घालताहेत, हे कळल्यावर मी त्याचा इतिहास वाचत गेलो.

१९२६ साली एडविन हबलने दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली. काही सर्पिल, काही लंबवर्तुळाकार. १९३१ मध्ये त्याने आणि मिल्टन ह्यूमेसनने नोंदवलं, की दाट समूहांत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचीच गर्दी असते. १९८० साली अ‍ॅलन ड्रेसलरने ५५ समूहांमधल्या सुमारे ६,००० दीर्घिका तपासल्या. वस्ती जितकी दाट, तितक्या सर्पिल कमी.

असं का? १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी एक कारण सुचवलं. समूहात तापलेला विरळ वायू भरलेला असतो. त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा वायू मागे उडून जातो, गाडीवर खांद्यावरचा दुपट्टा उडावा तसा. तारे वायूतूनच जन्मतात. वायू गेला की जुने तारे तेवढे उरतात, नवे होत नाहीत. १९७८ मध्ये बुचर आणि ओम्लर यांना दूरच्या, म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समूहांत निळ्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिका जास्त दिसल्या. म्हणजे समूहांतल्या दीर्घिका काळानुसार बदलत आल्या आहेत.

पण दाट जागी जन्मलेल्या दीर्घिका लवकर वाढतात आणि लवकर थकतात, हेही खरं. २०१० साली पेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्वतःचं वस्तुमान आणि शेजार हे दोन्ही तारानिर्मिती थांबवतात, आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे मोजता येतात.

तिसरी शक्यता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लार्सन, टिन्स्ली आणि कॉल्डवेल यांनी १९८० मध्येच ती मांडली होती: हातचा वायू कोणी हिसकावायची गरज नाही, बाहेरून येणारा थांबला तरी पुरे. २०२० मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांमधला सरासरी हायड्रोजन मोजला. नवा वायू आला नसता, तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता.

पोरं गेली म्हणून आपण पुण्याला नावं ठेवतो. इथं काय यायचं थांबलं, ते मात्र कोणी मोजत नाही.