बाळाची मालीश

बाळाची मालीश म्हणजे नवजात किंवा तान्ह्या बाळाच्या अंगाला तेल लावून हाताने हलका ते मध्यम दाब देत केलेले मर्दन होय. भारतीय उपखंडातील ही बालसंगोपनाची जुनी घरगुती पद्धत असून महाराष्ट्रात ती बहुधा आंघोळीला जोडून केली जाते. आयुर्वेदात अंगाला तेल चोळण्याच्या क्रियेस अभ्यंग अशी संज्ञा आहे. नित्य अभ्यंगाने थकवा व वातदोष दूर होतात, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितले आहे. मात्र अजीर्ण किंवा कफविकार असताना तो तेथे वर्ज्य मानला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजनवाढ हा मालिशीचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला लाभ आहे. हा लाभ जोर लावल्याने वाढत नाही; अपाय मात्र वाढतात.

महाराष्ट्रातील पद्धत

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यास येणाऱ्या बाईकडे हे काम परंपरेने असते. साधारणतः सव्वा महिना ती रोज येते. पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करते आणि त्यांवर बाळाला आधी उताणे व मग पालथे घेते. कोमट तेलाने छाती, पोट, हातपाय व पाठ चोळली जाते. टाळूवर तेल थापून जिरवण्यास ‘टाळू भरणे’ म्हणतात. त्यानंतर ऊन पाण्याची आंघोळ होते. अंगाला साबणाऐवजी डाळीचे पीठ व दुधाची साय लावण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. शेवटी बाळाला शेक व धुरी देऊन दुपट्यात घट्ट गुंडाळतात. या सोपस्कारानंतर बाळ बराच वेळ गाढ झोपते, हा घरोघरीचा अनुभव आहे. परंतु त्यात ऊन पाणी, दुपट्याची ऊब आणि झालेली दमणूक यांचाही वाटा असल्याने सर्व श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

बाळंतिणीच्या पाठीला व पायांनाही तेल लावले जाते. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली असल्यास टाक्यांची जागा व पोट वगळावे लागते.

वैद्यकीय अभ्यास

या विषयाला आधुनिक वैद्यकात स्थान मिळाले ते प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बाळांना दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी १५ मिनिटे, याप्रमाणे १० दिवस स्पर्श व हातापायांची हालचाल देण्यात आली. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचे वजन दररोज ४७ टक्के अधिक वाढले आणि त्यांना सरासरी ६ दिवस आधी घरी सोडता आले. विशेष म्हणजे, दोन्ही गटांतील बाळांचे दूध जवळपास सारखेच होते. पुढील संशोधनात मध्यम दाबामुळे व्हेगस या मज्जातंतूची क्रिया व जठराची हालचाल वाढत असल्याचे आढळले. वजनवाढीचे एक संभाव्य कारण म्हणून त्याकडे पाहिले जाते. अगदी हलक्या स्पर्शाने तितका परिणाम दिसला नाही.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांबाबत पुरावा पातळ आहे. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात सहा महिन्यांखालील बाळांवरील ३४ प्रयोग तपासले गेले. त्यांपैकी अनेकांची गुणवत्ता निकृष्ट ठरली व ठोस लाभ सिद्ध झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची भूमिकाही अशीच सावध आहे. निरोगी बाळाची सौम्य सर्वांग मालीश वाढ व विकासाच्या संभाव्य लाभासाठी विचारात घेता येईल, असे ती म्हणते. पण त्वचाविकार टाळण्यासाठी अशा बाळांना सरसकट स्निग्ध लेप लावण्याची शिफारस ती करत नाही. आईच्या बाजूचा लाभ कमी चर्चिला जातो. लंडनमध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्याने ग्रस्त मातांच्या एका लहान अभ्यासात, मालिशीचे वर्ग घेणाऱ्या मातांचा बाळाशी संवाद सुधारला होता.

तेलाची निवड

कोकण व गोव्यात खोबरेल, तर उत्तर भारतात मोहरीचे तेल अधिक वापरले जाते. मोहरीचे तेल त्वचेला झोंबते व नाजूक त्वचेस दाह करू शकते. ढाक्यातील रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सूर्यफूल तेलामुळे रुग्णालयातील जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले होते. नंतरच्या आढाव्यांत मात्र हा परिणाम सर्वत्र दिसलेला नाही. महागड्या ‘बेबी ऑइल’चे दृश्य वेगळेपण बहुतांशी सुगंधात असते, आणि तोच सुगंध काही बाळांना पुरळ आणतो.

अपायकारक प्रथा

नाकात तेलाचे थेंब सोडणे ही यांतील सर्वांत धोकादायक प्रथा आहे. तेल श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो, व तो साध्या न्यूमोनियाहून दीर्घकाळ चालतो. नवजात बाळाची छाती सुजलेली दिसली तर ती दाबून ‘दूध’ काढण्याची चाल आहे. ही सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते व काही आठवड्यांत आपोआप ओसरते; दाबल्याने तेथे गळू होऊ शकते. अंगावरील लव पिठाच्या गोळीने चोळून काढणे अनावश्यक आहे, कारण ती स्वतःच गळून जाते. टाळूही तेलाने ‘भरत’ नाही. पुढची टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांत हाडांच्या वाढीमुळे बंद होते. तिच्यावर तेल हलक्या हाताने लावण्यास हरकत नसते, दाब देण्यास असते. नाळ गळून पडेपर्यंत बेंबीजवळ तेल लावू नये. बाळास ताप, पुरळ किंवा जखम असल्यास, तसेच दूध पिऊन लगेच, मालीश टाळावी.

भारताबाहेरील प्रसार

फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेदेरिक लबोये यांनी कोलकात्यात शांतला नावाच्या स्त्रीला आपल्या बाळाची मालीश करताना पाहिले व १९७६ मध्ये तिच्याच नावाने छायाचित्रांसह पुस्तक प्रसिद्ध केले. ब्राझीलमध्ये आजही बाळाच्या मालिशीस ‘शांताला’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील वर्गांत सहसा आई-वडील स्वतःच मालीश करतात आणि बाळ रडू लागल्यास हात थांबवतात.