तबकडीची साक्ष

आम्ही कॉलेजात शिकलो नाही. हजेरीपटावरील खाडाखोड ओळखता ओळखता पुरावा वाचायला शिकलो. घड्याळाची तबकडी हाही पुरावाच आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनविण्यास आरंभ केला. त्यांचे किल्लीचे ‘जनता’ घड्याळ साध्या माणसाच्या मनगटावर आले. आमच्या दिघीसारख्या खाडीकाठी खारट, दमट हवा आणि अंगाचा घाम आत शिरला की तबकडी डागाळे. घड्याळजी ती खरवडून पुन्हा रंगवी. ती दुरुस्ती होती, लबाडी नव्हे. २०१६ साली सरकारने हा घड्याळ-कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आज बाजारात रंगविलेली तबकडी ‘अस्सल जुनी’ म्हणून विकली जाते, ती मात्र लबाडी होय. आमच्या एका निवृत्त सोबत्याची पुंजी अशीच गेली.

म्हणून भिंग लावून पाहावे. कारखान्याच्या छापाची अक्षरे रेखीव, सारख्या जाडीची. रंगविलेली पसरट, वाकडी. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात काय? तळाची बारीक अक्षरे आहेत काय? काटे जुनाट आणि तबकडी कोरी असेल तर संशय घ्यावा. मात्र एका खुणेवर निकाल देऊ नये. काटेही बदललेले असतात. त्याच जातीच्या खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहावे.

डाग ही लाज नव्हे. ती वापरणाऱ्याच्या कष्टाची साक्ष आहे. इतिहासाचेही तसेच आहे. कोऱ्या खोट्यापेक्षा डागाळलेले खरे आम्हास मोलाचे वाटते.